परदेशी निघालेल्या वाकळेचा घास

पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीवरचे साहेब पहिले चार महिने मला मुकी समजत होते. मी तो समज दूर केला नाही. कारण सांगायची लाज वाटते, पण ही वही कुणाच्या हाती जाणार नाही, म्हणून सांगते. मुकी म्हणून ते मला रांगेत पुढं घ्यायचे.

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या घशात काहीतरी येऊन बसतं. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "आत काय हाय?" मी पार्सलवर बोट ठेवलं.

"ते दिसतंय की. आत काय हाय?"

मी स्वतःच्या पदराला हात लावून दाखवला, म्हणजे कापड. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या पुढच्या माणसाला म्हणाले, "पावणं, जरा बाजूला व्हा. बाईला बोलता येत न्हाय." तेव्हापासून ते माझ्याशी हातवारे करून बोलायचे, आणि का कोण जाणे, फार मोठ्यानं. सगळं पोस्ट बघायचं. पण काम पाच मिनिटांत व्हायचं.

मग एक दिवस माझी नणंद शालन बरोबर आली. दारातनंच ओरडली, "वैनी, चष्मा इसरलासा काय?" मी म्हणून गेले, "न्हाय, पिशवीत हाय."

साहेबांचा शिक्का हातात तसाच वर राहिला. "मावशी, तुमी बोलता व्हय?"

मी मान खाली घातली. शालन म्हणाली, "बोलतात, पण कमी बोलतात." पुढच्या सोमवारी मी गुमान रांगेत शेवटी उभी राहिले.

त्या पार्सलांत वाकळा असायच्या. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून हातानं बारीक टाके घालत शिवलेली गोधडी, तिला आम्ही वाकळ म्हणतो. शिवायला एका बाईला पंधरा-वीस दिवस लागतात. आमच्यात ती विकत नाहीत. लेकीला देतात, बाळंतिणीला देतात. वाकळ विकायची म्हणजे अंगावरचं विकल्यासारखं. ती अमेरिकेला, जर्मनीला आणि आणखी कुठं कुठं विकायची हे डोकं शालनचं.

शालन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, आमच्यातच राहते. तोंडावर मी तिला वन्सं म्हणते. कागदावर नुसतं शालन लिहायला बरं वाटतं, चौथीतल्या मैत्रिणीचं नाव लिहिल्यासारखं. चौथीच्या पुढं माझ्या वाट्याला शाळाच आली नाही. शालन मात्र बी.कॉम. ती टायपिंगच्या क्लासात शिकवायची. दोन हजार सालाच्या पुढं-मागं क्लासच्या मालकांनी निम्मी टायपिंगची मशिनं काढून तिथं कॉम्प्युटर बसवले आणि बाहेर इंटरनेटची पाटी लावली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा शालन त्यावर जगभर हिंडायची. एकदा घरी धावत आली. "वैनी, परदेशातल्या एका लिलावात जुन्या कापडाची गोधडी इकाया ठेवलीया. आपल्या वाकळंपरास लई वंगाळ हाय आणि माणसं तिच्यावर तुटून पडल्यात."

त्याच दिवशी तिनं आमच्या खाटेवरची वाकळ उन्हात दोरीवर टाकली, कुणाचा तरी कॅमेरा आणून फोटो काढले आणि ती लिलावाला लावली. दोन आठवड्यांनी आमचे हे फौंड्रीतून दमून आले, आडवे झाले आणि म्हणाले, "माझी वाकळ कुटं हाय?"

शालन म्हणाली, "दादा, ती अमेरिकंत पोचली."

"कशाला?"

"झोपाया."

हे पुढं आठवडाभर सोलापुरी चादर घेऊन झोपले आणि रोज सकाळी झोप लागली नाही म्हणाले.

तो लिलाव कसा चालतो ते शालननं मला गूळ मार्केटवरून समजावलं. मार्केटात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मधे आणि व्यापारी भोवती उभे. इथं वाकळ मधे, आणि भोवतीची माणसं आपापल्या देशात आपापल्या घरात बसलेली. सात दिवस बोली चालायची, पण खरी मजा शेवटच्या दहा मिनिटांत. एकदा कॅनडाची एक बाई आणि इंग्लंडची एक बाई एकाच वाकळेसाठी इरेला पेटल्या. शालन काउंटरवरून "चढली! चढली!" ओरडायला लागली, तशी पलीकडची टायपिंगची पोरं बोटं वर धरून बघत बसली. मी शेजारी उभी. मला वाईट वाटलं ते हरली तिचं. म्हटलं, एवढ्या लांबची बाई, तिला थंडी वाजत असेल.

माझं काम दोन तऱ्हेचं. गल्लीतल्या चार बायकांकडून वाकळा शिवून घ्यायच्या आणि शेवटचा हात माझा फिरवायचा, हे एक. दुसरं पार्सल. परदेशी जाणारं पार्सल तेव्हा मांजरपाटाच्या कापडात शिवून त्यावर लाखेचे ठिपके द्यावे लागायचे. कापडावर पत्ता मी लिहायची. इंग्रजी मला येत नाही, म्हणून शालनच्या कागदावर बघून एकेक अक्षर काढायची, रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं. एकदा शालननं पेन चालतंय का बघायला कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल गिरमिटलं होतं. मी तेही मन लावून काढलं, वर दोन पाकळ्या जास्तीच्या दिल्या. पार्सल बरोबर पोचलं. त्या बाईनं कळवलं, वाकळ छान आहेच, पण पत्त्याचं कापड फ्रेम करून भिंतीला लावलंय.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका बाईनं तक्रार केली की वाकळेला धुराचा वास येतो. आम्ही माफी मागितली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईनं लिहिलं, धुराचा काय सुंदर वास आहे, आजोळची आठवण झाली, आणखी एक पाठवा. आता बाकीच्या वाकळा तर आम्ही निरम्यात बुचकळून बसलो होतो. मग मी एक वाकळ न्हाणीतल्या पाणी तापवायच्या चुलीवर दोरी बांधून दोन दिवस टांगली. तेव्हापासून नवी ऑर्डर आली की शालन दारातनंच ओरडून विचारायची, "वैनी, हिला धुराची का बिनधुराची?" हे बरोबर होतं का चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. धूर मात्र खरा होता.

जर्मनीच्या एका माणसानं गंगाक्काची सगळ्यात देखणी वाकळ घेतली. गंगाक्का म्हणजे आमच्या शेजारची, शिरोळकडची लिंगायत म्हातारी. तिच्यासारखा टाका गल्लीत कुणाचा नाही आणि तिच्यासारखं तोंडही कुणाचं नाही. त्या माणसानं खूश होऊन फोटो पाठवला. वाकळेवर वासराएवढं कुत्रं पसरलं होतं. शालननं तो फोटो छापून आणला, पण गंगाक्काला दाखवायची तिला हिंमत होईना. शेवटी मीच नेऊन हातात दिला. गंगाक्कानं चष्मा वर करून कितीतरी वेळ बघितलं.

"आनसा," ती म्हणाली, "आदी सांगाया पायजे हुतं गं. कुत्र्याची हाय म्हटल्यावर मी दोरा दुहेरी घेतला असता."

आता मुद्द्यावर येते. ज्यासाठी ही वही उघडली ते अजून लिहिलंच नाही.

वाकळ शिवताना एक कोपरा उघडा ठेवतात आणि सगळ्यात शेवटी बंद करतात. बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा नखाएवढा तुकडा घालतात. त्याला घास म्हणतात. वाकळेनं जन्मभर माणसाला ऊब द्यायची, तर आपण तिला एकदा तरी जेवू घालायला नको का? उपाशी वाकळ घरात आली की तिच्याखाली झोप लागत नाही, असं आमच्यात मानतात. माझी आई चंदगडला नाचणीच्या भाकरीचा घास घालायची, इथं कोल्हापुरात जोंधळ्याची. घास घातलेल्या कोपऱ्यावर लाल चिंधीचं त्रिकोणी फूल लावलं की वाकळ पूर्ण झाली.

शालनला हे लहानपणापासून ठाऊक होतं. परदेशी धंदा सुरू झाला त्या दिवशीच तिनं मला समोर बसवलं. "वैनी, पार्सलाच्या फॉर्मवर माजी सही असती. आत खायाचं, धान्य, बी-बियाणं काय न्हाय, असं मी लिवून देते. त्यांच्या देशात एक दाना चालत न्हाय. घास बंद. कळलं?"

मी मान हलवली. माझी मान हलते तेव्हा समोरच्याला हो वाटतं. तो त्याचा प्रश्न.

घास मी बंद केला नाही. तुकडा तेवढा बारीक केला, दोन पदरांच्या मधे सपाट दाबून. पार्सल शिवायच्या आधी शालन चारी कोपरे बोटांनी चाचपायची, डॉक्टर पोट चाचपतो तशी. तिला कधी काही लागलं नाही. तिनं जन्मात सुई हातात धरलेली नव्हती, तिला काय लागणार? तीन वर्षं वाकळा जेवून परदेशी जात राहिल्या आणि कुणाची काही तक्रार आली नाही. उलट सगळे लिहायचे, काय गाढ झोप लागते!

मग ऑस्ट्रेलियाच्या हेलनबाईंची ऑर्डर आली. त्यांचं दुकान होतं. एकदम वीस वाकळा पाहिजेत म्हणाल्या, त्यांच्या थंडीच्या आधी. त्यांची थंडी आपल्या मृगाला सुरू होते, हे मला तेव्हा कळलं. एवढी ऑर्डर कधीच आली नव्हती. आम्ही पाच जणी शिमग्याच्या आधी बसलो ते उन्हाळ्यात घाम पुसत शिवतच होतो. गल्लीतल्या बायकांनी पेट्यांतली जपून ठेवलेली लुगडी काढून दिली. गंगाक्कानं तिच्या मेलेल्या थोरल्या बहिणीचं इरकल दिलं. म्हणाली, "पेटीत कुजण्यापरास समुद्रापल्याड जाऊ दे. ती कवा कोल्लापूरच्या भाईर गेली न्हवती." अशा वीस झाल्या. पाच गाठोडी करून पोस्टात दिली. साहेबांनी हातवारे न करता पावती दिली.

महिन्याभरानं दुपारी मी शालनचा डबा घेऊन क्लासात गेले, तर ती कॉम्प्युटरसमोर लालबुंद होऊन बसलेली.

"वैनी, हे बगा. हेलनबाईचं पत्र आलंय. तिथल्या सरकारी खात्यानं आपली पाचीच्या पाची गाठोडी अडवल्यात. एक फोडलं, त्यात म्हणं धान्याचं कायतरी सापडलं आणि त्याच्यात टोके, जिवंत किडं."

माझ्या हातातला डबा मी हळूच टेबलावर ठेवला.

"म्हणं फॉर्मवर खोटं लिवलंय. आठ-पंदरा दिवसांत पटंल असं उत्तर दिलं न्हाई तर सगळ्या वाकळा जाळून टाकणार. वीसच्या वीस. आणि सही करणारीचं नाव यादीत घालणार, परत कायच पाठवता यायचं न्हाय."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय? खमकं उत्तर द्याया लागलीया." तिची बोटं चालायला लागली. लिहिलेलं ती मला मराठीत सांगत होती. "तुमच्या गोदामातच टोके असतील, आमच्या वाकळंत न्हाईत. मी स्वता कोपरा न् कोपरा तपासलाय. माजी वैनी चौथी शिकल्याली साधी बाई हाय. ती जन्मात खोटं बोलल्याली न्हाय."

मी तिच्या खुर्चीच्या मागं उभी होते. त्या 'साधी बाई' वर मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तोंड उघडायची, मिटायची. शालननं शेवटची ओळ लिहिली, ते पत्र पाठवायचं बटण दाबायला हात उचलला, आणि वीज गेली.

तेव्हा भारनियमन असायचं. त्याला शिव्या घातल्या नाहीत अशी मी एकटीच असेन. पडदा काळा झाला, पंखे थांबले, पोरं बाहेर गेली. शालन कपाळाला हात लावून बसली. अंधारलेल्या पडद्यात तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला बोलता आलं.

"वन्सं, टोके आपलेच हाईत."

"काय?"

"मी घास घातलाय."

तिनं विचारलं, "कितींत?"

"वीस."

"वीसच्या वीस?"

"एक बी उपाशी ठेवली न्हाय."

मला वाटलं ती आता डबा भिंतीवर फेकणार. तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत चावत माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आणि मागच्या तीन वर्सांत?"

मी मान हलवली. यावेळी तिला बरोबर समजलं.

घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढं चालत होती. मी रडकुंडीला आले होते. माझं काय, मला कोण ओळखतंय? पण सही तिची होती, आणि तिला मी फसवलं होतं. जळणार होतं ते गंगाक्काच्या बहिणीचं इरकल. कोल्हापूरच्या बाहेर कधी न गेलेल्या बाईचं लुगडं तिथं नेऊन मी सरणावर चढवलं होतं.

दारात आल्यावर शालन म्हणाली, "वैनी, टोके जोंधळ्याच्या भाकरीत असं झटदिशी हुतील का वो? अजून काय घातलंयसा?"

मी देवाची शपथ घेतली की भाकरीशिवाय काही नाही. पण तिचं म्हणणं डोक्यात राहिलं. संध्याकाळी चौघी बायकांना ओट्यावर बोलावलं. शालननं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आत काय घातलंय का? खरं सांगा."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. गंगाक्का पदरानं चष्मा पुसत राहिली.

"गंगाक्का?"

"गुळाचा खडा," गंगाक्का म्हणाली. "एवढुसा."

"का पण?"

"अगं आनसा कोरडी भाकरी घालती! एवढ्या लांब निघाल्या, तोंड गोड नगं व्हय करायला?"

मग एकेक करून निघालं. मला वाटत होतं घास फक्त मी घालते. गंगाक्का सोडून बाकीच्या तिघींना वाटत होतं, शालनच्या धाकानं आनसानं घास बंद केला असणार, तेव्हा आपण गुपचूप घातलेला बरा. प्रत्येकीनं आपापल्या वाकळेत दुसऱ्या कोपऱ्यात आपापला घास घातला होता. एकीनं चपातीचा तुकडा, एकीनं फुटाणा. शाहूवाडीकडची तानूबाई सगळ्यात शेवटी बोलली.

"आमच्याकडं भात घालत्यात."

"शिजल्याला?"

"न्हाई बाई. टरफलासकट. सात दानं."

शालन मटकन खाली बसली. "सालीसकट! पेरणीचा भात! तानूबाई, तुमी तिथं शेती काढली असती!"

गंगाक्काला हसू आवरेना. तिचं बघून आम्ही सगळ्या हसायला लागलो, आणि शेवटी शालनही. पण हसता हसता ती म्हणाली, "हसा. पन आता ह्या सगळ्यांचं पत्र कोण लिवणार?"

"मी लिवते," मी म्हणाले. सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटतं माझा एवढा मोठा आवाज त्यांच्यातल्या दोघींनी पहिल्यांदाच ऐकला.

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. वीस वाकळांची वीस चित्रं काढली. प्रत्येकीचे काठ, ठिगळं, रंग असे काढले की बघितल्या बघितल्या ओळखू यावी. मग प्रत्येकीत माझा घास कुठल्या कोपऱ्यात आणि शिवणारीचा कुठल्या, तिथं खूण केली. शेजारी लिहिलं, भाकरी, गूळ, चपाती, फुटाणा, भात सात दाणे. सगळी वाकळ उसवायची गरज नाही, लाल फुलाचा आणि खुणेच्या दुसऱ्या कोपऱ्याचा टाका सोडला की घास मिळेल, दोरा कापू नये, ओढावा, असं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं:

'फॉर्मवर सही करणाऱ्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. शिक्षा करायची तर मला करा, नाव आनसा. वाकळा जाळू नका. त्यात माणसांची लुगडी आहेत.'

शालननं त्याचं इंग्रजी केलं. एका ओळीवर मात्र अडून बसली. "सायबाला 'तुमच्याकडं वाकळ उपाशी पाठवतात का' असं इचारायचं न्हाय, वैनी." ती ओळ मी खोडली. पण माझी मराठी आणि चित्रं तिनं जशीच्या तशी स्कॅन करायच्या मशीनवर घालून हेलनबाईंना आणि त्या खात्याला पाठवली.

अकरा दिवस काही नाही. रोज दुपारी मी डबा घेऊन जायची आणि शालन नुसती मान हलवायची. गंगाक्का एकदाही विचारायला आली नाही. ओट्यावर नुसती बसून राहायची, हातात सुई नाही. तिचा हात रिकामा मी तेव्हाच बघितला.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. तिथल्या साहेबांनी चित्रं हातात धरून एकेक कोपरा उघडला होता. यादीप्रमाणे घास मिळत गेले, असं त्यांनी लिहिलं होतं. टोके निघाले ते तानूबाईच्या भातात. वाकळा गार खोलीत ठेवून किडे मारता येतील, जाळायची गरज नाही. सही करणारीला यावेळी फक्त ताकीद. मात्र एकोणीस वाकळा सोडतो, विसावी सोडता येत नाही. यादीत भाताचे सात दाणे लिहिलेत, आम्हाला सहाच मिळालेत.

शालननं तानूबाईला घरातून ओढून आणलं. "तानूबाई, नक्की सात हुतं का?"

"देवाला सात आणि मानसाला सात. मी काय चुकतीया?"

"एकांदा खाली पडला असंल."

"न्हाय पडला. सापडंल त्येंला. नीट बगा म्हणावं."

शालननं तसंच कळवलं. तो बिचारा साहेब आणखी दोन दिवस त्या वाकळेशी झटत होता. सातवा दाणा शेजारच्या टाक्यांच्या ओळीत सरकून बसला होता. तो मिळाल्याचं पत्र एका ओळीचं होतं. त्यात काही राग नव्हता. मला तर वाटलं, साहेबाला आनंदच झाला असावा.

वाकळा सुटल्या, पण इथं दुसरंच उभं राहिलं. शालननं नवा नियम काढला की यापुढं शेवटचा कोपरा तिच्या डोळ्यांसमोर बंद करायचा. गंगाक्कानं सुई खाली ठेवली. "उपाशी वाकळ मी कुणाला देणार न्हाय. घाल तुजा धंदा चुलीत."

दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. मला एकाएकी सुचलं. मी म्हणाले, "गंगाक्का, देवाला निवद दाखवतो, तो देव खातो व्हय? दाखवायचा आणि आपण खायाचा. वाकळंला बी तसंच."

गंगाक्कानं विचार केला. "गूळ चालंल?"

"चालंल."

"मग गूळच दावू. भाकरी तू खा."

तेव्हापासून कोपऱ्याला घास दाखवायचा, क्षणभर डोळे मिटायचे, आणि शिवणारीनं तो खायचा. शालन समोर बसून आमच्या तोंडाकडं बघायची, गिळला का नाही ते. एवढा पोलीस बंदोबस्त देवाच्या नैवेद्यालाही नसेल.

हेलनबाईंचं पत्र त्यानंतर आलं. वाकळा दुकानात लागल्या होत्या, पण कोपरे उघडे होते. त्या स्वतः शिवून घेणार होत्या. फक्त विचारत होत्या, आता रिकामेच बंद करू का?

शालननं माझ्याकडं बघितलं. "काय कळवू?"

"म्हणावं, तुमच्या घरातलं कायतरी घाला. तिथलंच पीठ तिथंच ऱ्हातंय. फॉर्म नगं, सही नगं."

"हे मी लिवू?"

"लिवा."

तिनं लिहिलं. आठवड्याभरानं फोटो आला. दुकानात ओळीनं वाकळा टांगलेल्या, लाल फुलं पुन्हा लावलेली, थोडी तिरकी. हेलनबाई आमच्याएवढ्याच वयाच्या, जाड चष्म्याच्या. एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात भाजलेल्या पावाचा तुकडा. खाली लिहिलं होतं की आता गिऱ्हाईक वाकळ घेताना आपापला घास आपण घालतं, म्हणून एक-दोन कोपरे मी मुद्दाम उघडेच ठेवलेत. गंगाक्काच्या बहिणीचं इरकल कुणी घेतलं तेही त्यांनी कळवलं होतं. एका नर्सबाईनं, रात्रपाळी करून दिवसा झोपायला.

गंगाक्कानं ते ऐकलं आणि म्हणाली, "झोपू दे. लई दमली आसंल." ती नर्सबाईला म्हणाली का बहिणीला, ते मी विचारलं नाही.

पुढं तीन-चार वर्षं आम्ही वाकळा पाठवल्या. मग सुती लुगडी मिळेनाशी झाली. गंगाक्काच्या डोळ्यांना सुई दिसेना. मशीनवर शिवलेल्या गोधड्या कुठून कुठून स्वस्तात यायला लागल्या. धंदा कधी बंद झाला ते आम्हाला नीट सांगता येणार नाही. चुलीवर धूर देऊन विकलेल्या वाकळांचं अधूनमधून वाईट वाटतं. घासाचं कधी वाटलं नाही.

हेलनबाईंचा फोटो आला त्या संध्याकाळी मी आणि शालन क्लासातून चालत घरी येत होतो. निम्म्या वाटेवर ती थांबली.

"वैनी, एक इचारू? मी अंगावर घेते ती वाकळ तुमीच शिवल्याली न्हवं?"

"व्हय."

"तिच्यात काय हाय?"

मी न थांबता म्हणाले, "वन्सं, झोप लागती का न्हाय तुमास्नी?"

"लागती की. चांगली लागती."

"मग उसवू नगासा."